तिला कोणी मारलं आणि तिच्यावर काय गुदरलं: लॉरा पामरचं प्रकरण

८ एप्रिल १९९० च्या रात्री अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'ट्विन पीक्स' ही मालिका सुरू झाली. सुरुवातीलाच पीट मार्टेल नावाचा एक साधा गृहस्थ गळ घेऊन मासे धरायला निघतो आणि त्याला पाण्याच्या काठाला, एका अजस्र ओंडक्याजवळ, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दिसतं. तो घाईघाईने शेरीफला फोन लावतो. शेरीफ ट्रूमन, डॉक्टर हेवर्ड आणि हवालदार अँडी येतात. प्रेताचे फोटो काढता काढता अँडीला रडू फुटतं. डॉक्टर प्लॅस्टिक बाजूला करतात तेव्हा दिसतात निळे पडलेले ओठ, ओले केस आणि चेहऱ्याला चिकटलेले वाळूचे कण. सतरा वर्षांची लॉरा पामर. गावातली सगळ्यांची लाडकी, शाळेच्या समारंभात मुकुट घातलेली मुलगी. तिचा तो मुकुटातला हसरा फोटो पुढे भागामागून भाग येत राहतो.

त्यानंतर कित्येक महिने तिथे घरोघरी एकच प्रश्न चघळला गेला: लॉरा पामरला कोणी मारलं?

मला दुसराच प्रश्न धरून बसायचं आहे. लहानपणी स्वतःच्या घरात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांनी ही मुलगी आपली म्हणून का उचलली? ती कधी जन्मली नव्हती. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या दोघांनी ती रचली, आणि तीही गोष्ट सुरू करून देण्यापुरती. प्रेत म्हणून पडून राहायला आणि फोटोत दिसायला सिअ‍ॅटलमधली एखादी मुलगी लिंचला हवी होती. अभिनेत्री शेरिल ली एवढ्याचसाठी घेतली गेली. मग सहलीच्या एका व्हिडिओच्या तुकड्यात तिला नाचताना, हसताना पाहिलं आणि लिंचच्या लक्षात आलं की हिच्यात बरंच काही आहे. तिला मालिकेत ठेवायचं म्हणून लॉराची मावसबहीण शोभावी अशी मॅडी नावाची हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी नातलग मुलगी निर्माण करण्यात आली. मूळ हिशोबात लॉराला तोंडच नव्हतं.

आणि तरीही १९९२ मध्ये तिच्यावरचा चित्रपट आल्यानंतर काय झालं, ते शेरिल लीनेच सांगितलेलं आहे. घरातल्या माणसाने अत्याचार केलेल्या कित्येक जणी तिला येऊन भेटल्या. हा चित्रपट निघाला याचं त्यांना बरं वाटत होतं, मनात साठलेलं पुष्कळ त्यामुळे मोकळं झालं असं त्या म्हणत होत्या. ज्या चित्रपटाला टीकाकारांनी झिडकारलं, तोच त्यांनी छातीशी धरला. एकाच कलाकृतीकडे बघणाऱ्या दोन प्रकारच्या डोळ्यांमध्ये एवढं अंतर का पडलं, ते समजून घेणं म्हणजेच हे प्रकरण.

अळीमिळी गुपचिळी

मालिकेच्या पहिल्या भागांमध्ये एफबीआयचा एजंट डेल कूपर लॉराचं आयुष्य उलगडत जातो. ती आजारी आणि वृद्ध माणसांना घरपोच जेवण देण्याच्या कामात होती. श्रीमंत हॉर्न कुटुंबातल्या मतिमंद मुलाला शिकवायची. जोसी पॅकर्डला इंग्रजी शिकवायची. आणि ती कोकेन घेत होती, एकाच वेळी दोन मुलांबरोबर होती, सीमेपलीकडे कॅनडातल्या वेश्यागृहात काम करून आलेली होती, बँकेच्या लॉकरमध्ये तिचे दहा हजार डॉलरहून जास्त पडून होते.

रहस्यकथा बघणाऱ्या माणसाला या यादीतून धागेदोरे मिळतात. भोगलेल्या बाईला या यादीत दुखणं दिसतं. लोकांची सेवा करून स्वतःला चांगलं ठरवायची धडपड, शरीर बधिर करायला नशा, शरीरावर आपला ताबा आहे हे स्वतःलाच पटवायला ते परक्यांच्या हवाली करणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीफणी करून शाळेत हजर. बाहेरून ज्याला 'दुहेरी आयुष्य' म्हणतात, ते आतून एकच आयुष्य असतं. ते कसंबसं दोन कप्प्यांत कोंबून ठेवलेलं असतं.

याच काळात अमेरिकेत एका खऱ्या बाईने जवळजवळ हीच गोष्ट सांगितली. मॅरिलिन व्हॅन डर्बर, १९५८ ची मिस अमेरिका. वडील डेन्व्हरमधले बडे, प्रतिष्ठित उद्योजक. १९९१ च्या मे महिन्यात तिने जाहीरपणे सांगितलं की वयाच्या पाचव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत वडील तिच्यावर अत्याचार करत होते. स्वतःच्या दोन तुकड्यांना तिने नावंच दिली होती: दिवसाची मुलगी आणि रात्रीची मुलगी. दिवसाची मुलगी हसायची, अभ्यास करायची, मुकुट घालायची. रात्रीच्या मुलीबद्दल दिवसाच्या मुलीला काही ठाऊकच नव्हतं. तिची थोरली बहीणही पुढे आली आणि आपल्यावरही हेच गुदरलं असं तिने सांगितलं. महिनाभरात, जून १९९१ मध्ये, 'ट्विन पीक्स'चे शेवटचे भाग दाखवून मालिका बंद झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण लॉराचा मुकुटातला फोटो आणि मिस अमेरिकेचा मुकुट शेजारी शेजारी ठेवून पाहिले की ज्या मुलीकडे सगळं आहे तिला काय झालं असणार, या युक्तिवादाला अर्थ उरत नाही.

गावाकडे परत येऊ. लॉराच्या दफनाच्या वेळी तिचा मित्र बॉबी सगळ्यांसमोर ओरडतो की तिला कोणी मारलं हे विचारता कशाला, तुम्हीच मारलंत, आपण सगळ्यांनी मारलं; ती संकटात आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही केलं नाही. हा मुलगा काही सज्जन नाही, तिला नशा पुरवणाऱ्यांपैकीच एक. तरी खरं तोच बोलतो. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर जेकबी तिच्या आवाजातल्या टेप जपून ठेवतात, तिच्या गळ्यातल्या बदामाचा अर्धा तुकडा लपवून ठेवतात आणि स्वतःच तिच्या मोहात पडलेले असतात. म्हणजे ज्याच्याकडे बोलायची सोय होती तोही आणखी एक तिच्याकडून काहीतरी हवं असलेला पुरुष. गावात प्रत्येकाला लॉरा आवडायची. प्रत्येकाकडे तिची वेगळी लॉरा होती. तू कशी आहेस, असं तिला विचारलेला माणूस शोधून सापडत नाही.

कुंपणच शेत खातं तेव्हा

खुनी लवकर उघड करायचा नाही, असा लिंचचा विचार होता. वाहिनीच्या आग्रहापुढे तो टिकला नाही. १० नोव्हेंबर १९९० ला प्रेक्षकांना उत्तर मिळालं: लॉराचे वडील, लेलँड पामर. गावातले प्रतिष्ठित वकील. ज्यांना मुलीच्या मृत्यूची बातमी कळताना पहिल्याच भागात आपण पाहिलं होतं, ज्यांच्या हातातून फोन गळून पडला होता आणि पलीकडून बायकोचा आक्रोश ऐकू येत होता, तेच.

ज्या भागात हे कळतं त्यात लेलँड मॅडीचाही जीव घेतो. पामरांच्या दिवाणखान्यात, रेकॉर्ड संपून सुई खरखरत असताना. तो प्रसंग लांबलचक आणि असह्य आहे. त्याच वेळी गावातल्या बारमध्ये गाणं चाललेलं असतं आणि अचानक तिथल्या माणसांवर दुःखाची सावली येते. लॉराची मैत्रीण डोना हुंदके देऊन रडायला लागते. बॉबीचा चेहरा उतरतो. कोणालाच कारण कळत नाही. एक म्हातारा वेटर कूपरजवळ येऊन म्हणतो, फार वाईट वाटतं. हे दृश्य मला सगळ्या मालिकेत सर्वात खरं वाटतं. शेजारच्या घरात काय चाललंय याची गावाला जाणीव असते, ती शरीरात पोचलेली असते, फक्त डोक्यापर्यंत येऊ दिलेली नसते.

पण इथूनच मालिकेने पाय मागे घेतला. लेलँडच्या अंगात 'बॉब' नावाचं एक दुष्ट भूत असतं, खरा अत्याचार तेच करतं, असं सांगण्यात आलं. पकडल्यावर लेलँड कोठडीत मरतो तेव्हा भूत निघून गेलेलं असतं, तो मुलीसाठी रडत असतो, कूपर त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला प्रकाशाकडे जायला सांगतो. त्याला लॉरा दिसते. माफी मिळाली, असा भास होतो. मग जंगलात पुरुषांची एक छोटी बैठक: बॉब खरा होता का? कूपर विचारतो, बापाने स्वतःच्या मुलीवर बलात्कार करून तिला मारलं, हे मानणं जास्त सोपं आहे का? त्याचा एफबीआयमधला सहकारी अल्बर्ट म्हणतो, माणसं जे दुष्कृत्य करतात, त्यालाच कदाचित बॉब म्हणत असतील. प्रश्न चोख आहे. पण तो विचारणाऱ्यांमध्ये एकही बाई नाही. आणि पुढचा भाग सुरू होतो लेलँडच्या दुखवट्याच्या जमावाने, पामरांच्या घरी, खाणंपिणं आणि दोन म्हाताऱ्या भावांच्या विनोदी भांडणासकट.

ज्या बाईच्या बापावर कोणी बोट ठेवलं नाही, ज्याच्या अंत्यसंस्काराला अख्खा गाव लोटला आणि 'देवमाणूस होता' म्हणाला, तिने हा भाग कसा पाहिला असेल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही पुन्हा एकदा आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर. लॉराची गोष्ट तिथे संपली असती तर हे प्रकरण लिहिण्यासारखं काही उरलं नसतं. टीव्हीवर अशा मेलेल्या मुली पुष्कळ येतात, तपास करणाऱ्याला मोठं करतात आणि विसरल्या जातात.

ताटावर बसण्याआधी

लिंचने मात्र तिला सोडलं नाही. त्याने सांगितलं आहे की लॉरा वरून झळाळती आणि आतून मरत असलेली, तिच्यातल्या या विसंगतींच्या तो प्रेमात होता, त्याला तिला जिवंत, हलताना, बोलताना पाहायचं होतं. मालिका बंद पडली होती. तरी त्याने रॉबर्ट एंगल्सबरोबर 'ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी' लिहिला आणि तो मे १९९२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात एक टीव्ही फोडला जातो. पुढे सुमारे अर्धा तास वेगळ्या गावातला, वेगळ्या मुलीच्या खुनाचा तपास चालतो, आणि मग आपण लॉराच्या शेवटच्या सात दिवसांत शिरतो. आता कूपर तिला शोधत नाही. कॅमेरा तिच्याबरोबर चालतो.

एक दृश्य नीट पाहू. संध्याकाळ, घरचं जेवण. लॉरा टेबलाशी येऊन बसते. लेलँड तिचा हात हातात घेतो. हात धुतलेस का, असं विचारतो. मग एकेक बोट न्याहाळतो. नखाखाली मळ आहे म्हणतो. आवाज चढलेला नाही. तो तिच्या गळ्यातला बदाम बोटात धरतो, हा कोणी दिला असं विचारतो, तिच्या गालाला हात लावतो. लॉरा गोठून बसलेली असते. आई सारा म्हणते, लेलँड, काय चालवलंय, तिला नाही आवडत ते. तो वळून म्हणतो, तिला काय आवडतं ते तुला काय माहीत? मग बसतो, पण लॉराने हात धुतल्याशिवाय कोणी जेवायला सुरुवात करायची नाही असं सांगतो.

या दृश्यात एकाही कायद्याचा भंग होत नाही. बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर काय सांगणार, की बाबांनी हात धुवायला सांगितले? पण पाहताना पोटात खड्डा पडतो. ताबा कसा असतो, तो कसा रोज थोडा थोडा बजावला जातो, आणि कोणीतरी शेजारी बसून ते पाहत असतं, हे सगळं एका नखात आलं आहे. त्याच रात्री हाच माणूस रडत तिच्या खोलीच्या दारात येतो, तिचं कपाळ चुंबतो आणि म्हणतो, माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. तो गेल्यावर लॉरा भिंतीवरच्या देवदूताच्या चित्राकडे पाहून विचारते, हे खरं आहे का?

या एका प्रश्नासाठी मला हा चित्रपट मोठा वाटतो. वाईट बापाचा द्वेष करणं सोपं असतं. ज्याचं प्रेम अधूनमधून खरं वाटतं अशा बापाचं काय करायचं? मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी याच वर्षी, १९९२ मध्ये, आघात आणि त्यातून सावरणं यावरचं आपलं महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी दाखवून दिलं की ज्या मुलाला जगण्यासाठी आईबाप हवेच असतात ते मूल आईबाप वाईट आहेत हे मानायला धजत नाही, त्यापेक्षा मीच वाईट हे मान्य करतं. लॉराचं स्वतःला घाण समजणं, मैत्रिणीला आपल्यापासून दूर ढकलणं, आपल्यावर प्रेम करणाऱ्या जेम्सला तुझी लॉरा कधीच नाहीशी झाली असं सांगणं, हे सगळं त्या हिशोबात बसतं. दशकभरात मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी विश्वासघाताच्या आघाताची कल्पना मांडली: अत्याचार करणाऱ्यावरच मूल अवलंबून असेल तर न कळणं हीच त्याची जगण्याची वाट असते. कळलं तर घर राहणार नाही.

मग बॉबचं काय? मालिकेत त्या भुताने बापाला सोडवलं होतं. चित्रपटात तेच भूत लॉराच्या मनाचा आडोसा होऊन येतं. हॅरल्ड नावाच्या मित्राजवळ डायरी ठेवायला देताना ती सांगते की बॉब खरा आहे, मी बारा वर्षांची असल्यापासून तो माझ्यावर अत्याचार करतोय. बापाचा चेहरा पाहवत नाही म्हणून मन दुसरा चेहरा उभा करतं, हे मनाने केलेलं संरक्षण आहे आणि ते सावरलेल्या बायकांना कोणी समजावून सांगावं लागत नाही. जिन्यावरचा छताचा पंखा लेलँड सुरू करतो. दुधाचा पेला साराला पाजला जातो, तिला झोप लागते. त्या पंख्याचा आवाज चित्रपटभर येत राहतो. आज कोणी त्याला 'ट्रिगर' म्हणेल. तेव्हा हा शब्द इतका रुळलेला नव्हता, पण ज्या बाईचं शरीर एखाद्या दाराच्या कुरकुरण्याने आजही आक्रसतं तिला तो पंखा काय आहे ते पहिल्या फेऱ्यातच कळलं.

एका रात्री लॉरा खिडकीतून आलेल्या बॉबचा चेहरा धरून विचारत राहते, तू कोण आहेस? आणि तिला बाप दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला म्हणते, माझ्यापासून लांब राहा. पडद्यावर नाट्यमय असं काही घडत नाही. दारात उभी असलेली एक मुलगी, हळू आवाजात म्हटलेलं एक वाक्य. किती बायकांनी हे वाक्य मनातल्या मनात घोकलं असेल आणि तोंडातून ब्र काढला नसेल. शेवटी आगगाडीच्या डब्यात लेलँड तिला म्हणतो, मला नेहमी वाटायचं, मीच आहे हे तुला ठाऊक आहे. भुताचा आडोसा त्यानेच एका वाक्यात ओढून काढला.

शेरिल लीचं काम इथे बाजूला ठेवता येत नाही. एका क्षणात ती हसते, खेळकर होते, क्रूर होते, लहान मूल होते. डोना तिला विचारते की अवकाशात पडत राहिलो तर वेग कमी होत जाईल की वाढत? लॉरा सांगते की वाढतच जाईल, बराच वेळ काहीच जाणवणार नाही, आणि मग पेट घेशील. आणि देवदूत मदतीला येणार नाहीत, ते सगळे निघून गेलेत. सतरा वर्षांची मुलगी आरामखुर्चीत पाय पसरून हे बोलते, आवाजात दया मागण्याचा लवलेश नाही. वर्षानुवर्षे बधिर राहून एके दिवशी पेटणं कसं असतं याचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही.

न ऐकण्याचं वर्ष

अमेरिकेत हा चित्रपट ऑगस्ट १९९२ मध्ये लागला आणि सुमारे ४२ लाख डॉलरच्या कमाईवर उतरला. मालिकेचे चाहतेही नाराज झाले. पाय नावाचा तो गोड पदार्थ, कॉफी, विक्षिप्त पोलीस, गंमत, काहीच नव्हतं. होती फक्त ती मुलगी, दोन तास. टीकाकारांची तक्रार ऐकली की चित्रपट छळ करतो, किंचाळतो, काही स्पष्ट करत नाही. हीच तक्रार बोलायला लागलेल्या बायकांबद्दलही तेव्हा होत होती.

१९८० मध्ये आघातानंतरच्या मानसिक विकाराला, म्हणजे पीटीएसडीला, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली. ती प्रामुख्याने व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. घरातल्या युद्धातून आलेल्या मुलींना तोच विकार असतो, हे हर्मनसारख्या बायकांनी पुढे ठासून सांगितलं. आणि १९९२ मध्येच फिलाडेल्फियात 'फॉल्स मेमरी सिंड्रोम फाउंडेशन' स्थापन झालं. मोठेपणी आठवलेल्या अत्याचाराच्या आठवणी खोट्या असतात, अशी त्याची भूमिका. काही थेरपिस्टनी सूचना देऊन आठवणी रोवल्या हे खरं होतं आणि त्यात निरपराध माणसंही भरडली गेली. पण त्या गदारोळात ज्या खरं सांगत होत्या त्यांच्या वाट्याला पुन्हा एकदा संशय आला. अशा वर्षात पडद्यावरची एक मुलगी सांगते आणि चित्रपट तिच्यावर एका क्षणासाठीही संशय घेत नाही. डायरीची पानं फाडलेली आहेत हे प्रेक्षकाने पाहिलेलं आहे. बापाचा चेहरा प्रेक्षकाने पाहिलेला आहे. साक्षीदार आता आपण आहोत. हर्मन म्हणतात की अत्याचाराच्या बाबतीत नाकारण्याची ओढ आणि ओरडून सांगण्याची ओढ यांचा झगडा आघाताच्या मुळाशी असतो. लॉरावर चित्रपटाने विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाची सावली प्रेक्षागृहात एकट्या बसलेल्या बाईवरही पडली असणार.

तिला कोणीच विचारलं नाही असं मी वर म्हटलं. एक अपवाद आहे. बारच्या दाराशी लॉग लेडी, म्हणजे गावातली सतत एक ओंडका कवटाळून फिरणारी बाई, लॉराला थांबवते, तिच्या कपाळावर तळहात ठेवते आणि म्हणते, अशी आग लागली की विझवणं फार कठीण, कोवळ्या फांद्या आधी जळतात. लॉराच्या डोळ्यांत पाणी येतं. ती काही बोलत नाही, काचेत स्वतःकडे पाहते आणि आत जाते. या बाईने तिला वाचवलं नाही, तिला ते शक्यही नव्हतं. पण कोणीतरी मागणी न करता स्पर्श केला, ते पाहून आत काय होतं, ते त्या चेहऱ्यावर दिसतं. मला वाटतं सावरलेल्या बायका या चित्रपटाकडे ज्या कारणासाठी परत परत येतात, त्यातला एक मोठा वाटा या अर्ध्या मिनिटाचा असावा.

मेल्याशिवाय सुटका नाही?

आता अडचणीची बाजू, कारण ती आहे. आगगाडीच्या डब्यात लॉरा हिरवी अंगठी बोटात घालते, आणि त्यामुळे बॉब तिच्यात शिरू शकत नाही, तिला मारावंच लागतं. अनेक जणी याकडे तिचा विजय म्हणून पाहतात: ती त्याच्यासारखी झाली नाही, पुढच्या पिढीकडे ते विष जाऊ दिलं नाही. शेवटी लाल पडद्यांच्या खोलीत ती बसलेली असते, शेजारी कूपर उभा, तिच्या खांद्यावर हात, आणि निघून गेलेला देवदूत परत येतो. ती रडते आणि हसते. हे दृश्य पाहून कोणाला हलकं वाटलं असेल तर ते मी हिरावून घेणार नाही. मलाही वाटतं.

पण सुटका मेल्यावर झाली. जी बाई रात्रीअपरात्री स्वतःला संपवण्याच्या विचारांशी झुंजत असते, तिच्यासमोर देवदूत फक्त मेलेल्यांना भेटतो असं चित्र ठेवणं जोखमीचं आहे. मला हे चित्रपटातलं अपयश वाटत नाही, ती त्याची मर्यादा आहे. लॉराला मरायचंच होतं, ते १९९० मध्ये ठरून गेलं होतं, लिंचला त्याच सात दिवसांत तिला जगू द्यायचं होतं. ते त्याने केलं. पुढचं त्या मुलीला करता येत नव्हतं, ते बायकांनी स्वतःच्या आयुष्यात केलं: सांगणं, घर सोडणं, न माफ करणं, मुलं वाढवणं, झोप लागणं.

२०१७ मध्ये १८ भागांची नवी मालिका आली. तिच्या शेवटाकडे कूपर काळ ओलांडून त्या रात्रीत जातो, लॉराचा हात धरून तिला जंगलातून घेऊन निघतो. पीट मार्टेल गळ घेऊन निघतो आणि काठावर प्रेत नसतं. खून पुसला गेला. पण घरात सारा लॉराच्या फोटोवर बाटलीचे घाव घालत असते, काच फुटते, फोटो फाटत नाही. शेवटच्या भागात टेक्सासमधल्या ओडेसात कॅरी पेज नावाची बाई सापडते, तोच चेहरा, पण लॉरा पामर हे नाव ओळखीचं नसलेली. कूपर तिला तिच्या घरी आणतो. दार उघडणारी बाई अनोळखी. दोघं रस्त्यावर उभी असताना दुरून साराची हाक येते, "लॉरा". आणि ती किंकाळी फोडते. घरातले दिवे जातात.

मला हा शेवट पटतो. पुरुष नायकाने ठरवलं की खून झाला नाही म्हणजे सगळं ठीक झालं. पण वयाच्या बाराव्या वर्षापासूनची रात्र कोणी पुसली नव्हती. नाव गेलं, गाव गेलं, शरीराने लक्षात ठेवलं.

रॉनेट

या प्रकरणातली एक मुलगी खरोखर वाचली आणि तिच्याबद्दल मी आत्तापर्यंत काही लिहिलं नाही. बहुतेक सगळ्यांचं तसंच होतं. पहिल्या भागात फाटक्या कपड्यांत, अनवाणी, रेल्वेच्या पुलावरून डोळे फाडून चालत येणारी रॉनेट पुलास्की. ती त्याच डब्यात लॉराबरोबर होती. लॉरा वकिलाची मुलगी, तिच्यासाठी लाकडाची गिरणी एक दिवस बंद राहते. रॉनेटचा बाप त्याच गिरणीतला कामगार, गिरणी बंद होताना तिथेच त्याला कळतं की आपली मुलगीही नाहीशी आहे.

ती बेशुद्धीत जाते. उठते तेव्हा तिला बॉबचं रेखाचित्र दाखवलं जातं आणि ती पलंगावर तडफडायला लागते. एक शब्द बोलते: आगगाडी. तपासाला तेवढा पुरतो, मग तिला विचारायला कोणी येत नाही. चित्रपटात डब्याच्या दाराजवळ ती प्रार्थना करते, तिच्यापुढे देवदूत येतो, हाताच्या दोऱ्या सुटतात. म्हणजे जिवंत असताना देवदूत भेटलेली या गोष्टीतली एकमेव मुलगी तीच.

भोगलेल्या बायका लॉराला आपली मानतात, रॉनेटला नाही, याचं कारण साधं आहे. लॉराला सात दिवस मिळाले, डायरी मिळाली, एक जीव ओतून काम करणारी अभिनेत्री आणि दोन तास मिळाले. रॉनेटला कोणी आवाज दिला नाही. वाचल्यानंतरचं आयुष्य पडद्यावर दाखवायला फार कमी जण तयार असतात. त्यात खून नसतो, शोध नसतो. असतात औषधं, नोकरीवरून परत येणं, दाराची कडी दोनदा तपासणं.

२०१७ च्या मालिकेत तिसऱ्या भागात कूपर एका जांभळ्या समुद्राकाठच्या खोलीत पोचतो. शेकोटीपाशी एक बाई बसलेली असते. रॉनेटचं काम केलेली फीबी ऑगस्टीन, पंचवीस वर्षांनी मोठी झालेली. ती कूपरला सांगते की तू तिथे पोचशील तेव्हा तू आधीच तिथे असशील. दारावर कोणीतरी धडाधड ठोकत असतं. ती म्हणते, लवकर कर, माझी आई येतेय. श्रेयनामावलीत तिचं नाव रॉनेट असं दिलेलं नाही. 'अमेरिकन गर्ल' एवढंच लिहिलं आहे.